ज्वारीचे विष, ज्वारीची भाकरी

पेरणी झाली, उगवण चांगली झाली आणि मग पावसाने ओढ दिली, की खरिपाच्या ज्वारीत एक धोका तयार होऊ लागतो. डोळ्यांना तो दिसत नाही. हातभर वाढलेली ज्वारी उन्हाने मलूल होते, पाने सुरळी करून घेतात, आणि पुढे एखादी सर आली की बुडख्यातून पोपटी, लुसलुशीत फुटवे निघतात. भुकेल्या बैलाला याहून गोड वैरण नाही. जाणता शेतकरी मात्र अशा दिवसांत दावे आखूड बांधतो, कारण त्या फुटव्यांनी पोट भरलेले जनावर तासाभरात दगावू शकते. श्वास जोरजोरात चालतो, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, जनावर आडवे होते. रक्त पाहावे तर लालभडक. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही. हे सायनाइडचे काम. ते कुणी शेतात टाकलेले नसते, ज्वारीने स्वतः तयार केलेले असते. तेच पीक आणखी अडीच-तीन महिने उभे राहिले की त्याच्या दाण्याची भाकरी होते, आणि वाळलेला कडबा त्याच बैलापुढे बिनधोक पडतो.

शेतीच्या पुस्तकात ही गोष्ट 'घ्यावयाची काळजी' या मथळ्याखाली दोन ओळींत संपते: कडवळ फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नये, कोवळ्या खोडव्यात जनावरे सोडू नयेत. सल्ला बरोबर आहे, पण त्यामुळे विष म्हणजे पिकातला एक दोष, असा समज पक्का होतो. दुसऱ्या टोकाला हल्ली एक समज जोरात आहे, की जे नैसर्गिक ते निर्धोक. दोन्ही समज चुकीचे आहेत असे मला वाटते. झाडाला पळता येत नाही. त्याने रसायने बनवली नसती तर ते आज शेतात नसते. ही रसायने त्याचे भांडवल आहेत. शेतीपुढचा खरा प्रश्न ते भांडवल काढून घ्यायचे का, एवढा सरळ कधीच नव्हता. ते झाडाच्या कुठल्या भागात, कुठल्या वयात आणि किती राहू द्यायचे, हा तो प्रश्न आहे. ज्वारी त्याचे उत्तर स्वतःच देते, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

ज्वारीच्या पानात मोकळे सायनाइड नसते. असते ते धुरिन नावाचे संयुग. डन्स्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी 1902 मध्ये त्याची ओळख पटवली. टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून झाड ते बनवते, त्याला साखरेचा एक रेणू जोडते आणि पानाच्या वरच्या थरातील पेशींत साठवून ठेवते. साखर जोडलेली असेपर्यंत ते गप्प असते. ते फोडणारे एन्झाइम आतल्या थरातील वेगळ्या पेशींत असते. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. दातांखाली पान चिरडले, की दोन्ही पेशी फुटतात, एन्झाइम साखर तोडते, आणि उरलेला तुकडा मोडून हायड्रोजन सायनाइड सुटते. कांद्याची युक्तीही हीच. न चिरलेला कांदा डोळ्यांना त्रास देत नाही. सुरी फिरली, पेशी फुटल्या, एन्झाइम आणि त्याचे खाद्य एकत्र आले, की झोंबणारा वायू तयार होतो. मोहरीचा तिखट झणकाही असाच. विष तयार करून ठेवण्यापेक्षा त्याचे दोन भाग वेगवेगळे ठेवणे झाडाच्या सोयीचे आहे, कारण मोकळ्या सायनाइडने झाड स्वतःच मरेल. रवंथ करणाऱ्या जनावरांना याचा फटका जास्त बसतो. त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीवही धुरिन फोडायला मदत करतात, आणि घोड्या-डुकरांच्या जठरात असते तसले तीव्र आम्ल तिथे नसते. विषबाधा झालीच, तर पशुवैद्य सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, पण त्यासाठी ते तासाभराच्या आत पोचावे लागतात.

हे सगळे बचावासाठीच आहे, हे कशावरून? शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनाही ती बराच काळ होती. झाडातील असली संयुगे म्हणजे चयापचयातला कचरा, झाडाला मूत्रपिंड नाही म्हणून तो पानात साठतो, असा विचार प्रचलित होता. गॉटफ्रीड फ्रेंकेल या कीटकशास्त्रज्ञाने 1959 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात उलट बाजू मांडली, की ही संयुगे खाणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठीच आहेत. पुढे पुरावे येत गेले. टोळ कोवळी ज्वारी चाखून सोडून देतात हे प्रयोगांत दिसले. सर्वांत स्वच्छ पुरावा 2001 मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी दिला. ज्वारीतील धुरिन बनवणारी तीन जनुके त्यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीकुळातल्या प्रयोगशाळेतील रोपट्यात घातली. त्या रोपट्याने याआधी धुरिन कधीच बनवले नव्हते. त्याचा नेहमीचा शत्रू असलेला एक भुंगेरा आता ती पाने टाळू लागला. बाकी झाड तेच, फक्त धुरिन नवे. यापेक्षा थेट उत्तर मिळणे अवघड.

यावर शेतकरी म्हणेल, की मग खोडमाशीचे काय? प्रश्न मोलाचा आहे. ज्वारीत धुरिन सर्वांत जास्त असते ते उगवणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत. अंधारात उगवलेल्या कोंबाच्या टोकाशी ते कोरड्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत जाते. आणि खोडमाशी हल्ला करते तो नेमका याच काळात. पानाखाली अंडे घालते, अळी पोंग्यात शिरते, वाढीचा कोंब तुटतो, पोंगेमर होते. धुरिन तिला अडवत नाही. रासायनिक बचाव अनोळखी खाणाऱ्याला थांबवतो. पिढ्यान् पिढ्या एकाच पिकावर जगणारा किडा त्यातून वाट काढतो. हजार तोंडांपैकी नऊशे नव्वद अडली तरी झाडाचा हिशेब जमतो. उरलेल्या दहांसाठी झाडाला दुसरी शस्त्रे लागतात, आणि आपल्याला कीडनियंत्रण. झाडाकडे रसायन आहे म्हणून फवारणीची गरजच नाही, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. फवारणी आहे म्हणून रसायन नको, असाही नाही.

धुरिनला केवळ विष म्हणणेही अपुरे आहे. त्यात नत्र आहे. गरज पडली की झाड ते सायनाइड न सोडता मोडते आणि त्यातले नत्र परत वापरते. म्हणजे तो साठाही आहे. पाणी तुटले की वाढ मंदावते, नत्र वापरले जात नाही, आणि पानात धुरिन साचते. जोरदार युरिया दिला तरी तेच होते. दुष्काळी वर्षात जनावरे जास्त का दगावतात याचे उत्तर इथे आहे. पण झाडाच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. शेवटपर्यंत हिरवी राहणारी, म्हणजे दाणा भरताना पाणी कमी पडले तरी पाने न वाळवणारी जी वाणे पैदासकार शोधत असतात, त्यांच्या पानांत धुरिन जास्त आढळते, असे अमेरिकी संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले. अवर्षणाशी जुळवून घेणे आणि विषारी असणे या ज्वारीत दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक काढायला जावे तर दुसरीला हात लागतो. हे समजल्यावर 'विषमुक्त वाण' हा शब्द इतका सहज वापरता येत नाही.

आता दाणा. पक्क्या दाण्यात धुरिन नसते. तयार होत असताना असते, पण दाणा पिकताना झाड ते मोडून टाकते. म्हणूनच भाकरी निर्धोक. तोच दाणा पुन्हा भिजवून मोड आणले की कोंबात धुरिन नव्याने तयार होते. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून माल्ट करतात, तेव्हा वाळवून कोंब-मुळ्या चोळून काढतात, ते यासाठी. मटकीच्या सवयीने ज्वारीला लांब मोड आणून कच्चे खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. विषाची जागा आणि वेळ ज्वारीने अशी ठरवून घेतली आहे: पान कोवळे असताना भरपूर, जून झाल्यावर कमी, दाण्यात शून्य. मग दाण्याचे रक्षण कोण करते? मूळच्या वाणांत टॅनिन करत असे. टॅनिनने दाणा तपकिरी-तांबूस होतो, तुरट लागतो, पाखरे त्याला तोंड लावत नाहीत आणि बुरशीही लवकर धरत नाही. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत क्वेलिया नावाची चिमणीएवढी पाखरे लाखोंच्या थव्यांनी कणसांवर उतरतात, तिथे तुरट ज्वारी आजही टिकून आहे. आपल्याकडे पांढरीशुभ्र, गोडसर भाकरीची ज्वारी निवडली गेली, टॅनिन गेले. त्याची किंमत माचाणावर गोफण घेऊन बसणाऱ्या पोरासोरांनी मोजली. आणि खरिपात कणीस भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो, बाजारात भाव पडतो, तीही त्याच निवडीची किंमत. चूक झाली असे मी म्हणत नाही, तुरट भाकरी रोज कोण खाईल? पण झाडाने उचललेले काम आपण आपल्या डोक्यावर घेतले, हे मान्य करायला हवे.

कपाशीत हे काम किती जड पडते ते अमेरिकेत एकदा पाहून झाले. सरकी मधोमध कापली तर पांढुरक्या गरात बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ग्रंथी, आणि त्यांत गॉसिपॉल. गाईम्हशींना सरकी-पेंड चालते, कारण त्यांच्या पोटात ते बरेचसे बांधले जाते. कोंबड्या, डुकरे आणि माणूस यांना ते घातक. सरकीत प्रथिने भरपूर असूनही माणसाच्या ताटात ती येत नाही ती यामुळे. 1950 च्या दशकात ग्रंथीच नसलेली कपाशी पैदा झाली. पाने, बोंडे, सरकी सगळे गॉसिपॉलमुक्त. प्रथिनांचा मोठा साठा खुला होईल अशी आशा होती. शेतात मात्र ती उभी राहिली की किड्यांची चंगळ झाली. एरवी कपाशीकडे न फिरकणारे किडेही त्यावर आले. वाण बाजारात टिकले नाही. पुढे टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील कीर्ती राठोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. गॉसिपॉल बनवणारी साखळी त्यांनी फक्त सरकीत बंद केली. पाने आणि बोंडे पूर्वीसारखीच सशस्त्र. 2018 मध्ये अमेरिकी कृषी खात्याने या कपाशीला मोकळीक दिली, 2019 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सरकी खाण्यास हिरवा कंदील दाखवला. ज्वारी जे आपण होऊन करते, ते कपाशीकडून करून घ्यायला पन्नास वर्षे आणि जनुकशास्त्र लागले. (गॉसिपॉल असूनही बोंडअळी विदर्भाचा पिच्छा सोडत नाही. ती खोडमाशीचीच बहीण म्हणायची.)

विष दाण्यातच राहिले तर काय होते, हे पाहायला विदर्भाबाहेर जायला नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे धानाच्या बांधीत, धान उभे असतानाच ओलीवर लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही, तरी पीक येते. दुष्काळात सगळे करपले तरी लाख तगते. तिच्या दाण्यातच ओडॅप नावाचे, चेतापेशींना मारणारे अमिनो आम्ल आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये ते वेगळे केले. वरणात कधीतरी थोडी लाख आली तर काही होत नाही. महिनोन्‌महिने लाखेवरच जगायची वेळ आली, तर पाय कमरेखाली कायमचे लुळे पडतात. 1829 नंतर सागरकडे सलग काही वर्षे गहू बुडाला, लाख तेवढी हाती लागली, आणि धडधाकट तरुण पांगळे झाले, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. जे पीक दुष्काळात तगते तेच दुष्काळात जास्त खाल्ले जाते, हा त्यातला दैवदुर्विलास. 1961 पासून बहुतेक राज्यांत तिच्या विक्रीला बंदी आली. तरी ती पेरली जात राहिली, कारण त्या जमिनीत त्या हंगामात दुसरे काही तितक्या स्वस्तात येत नव्हते. आता ओडॅप कमी असलेली रतन, प्रतीक, महातिवडा अशी वाणे आहेत, आणि गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तरी बरेच विष निघून जाते. 'आपल्या आजोबांनी खाल्ले, आम्हाला काय होणार' या युक्तिवादाला लाखेने दिलेले उत्तर कडू आहे. नैसर्गिक, देशी, पारंपरिक, बिनखताची आणि तरीही विषारी. संकरित वाणही आपोआप सुटते असे नाही. अमेरिकेत 1967 मध्ये लेनापे नावाचा बटाटा आला. जंगली पूर्वजाकडून घेतलेली रोगप्रतिकारशक्ती त्यात होती, चिप्स सोनेरी होत. पण कंदात सोलॅनिनच्या जातीची अल्कलॉइडे इतकी वाढली की 1970 मध्ये तो मागे घ्यावा लागला. तिथे जनुक-अभियांत्रिकी नव्हती, साधा संकर होता.

एवढे वाचून कुणी म्हणेल, की मग फवारलेल्या औषधाच्या अंशावरून एवढा गहजब कशाला? हा युक्तिवाद नवा नाही. कॅलिफोर्नियातील ब्रूस एम्स यांनी 1990 मध्ये लिहिले, की अमेरिकी माणूस आहारातून जितकी कीडनाशके खातो त्यांतली वजनाने 99.99 टक्के झाडांनीच बनवलेली असतात. आकड्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्यातून जो निष्कर्ष काढला जातो त्याच्याशी मात्र भांडायला हवे. झाडाचे रसायन एका पेशीत, एका वयात असते. ते कुठे आहे हे माणसाने शेकडो वर्षे खाऊन, शिजवून, फेकून शोधले आहे, आणि आपल्या यकृतात थोडे सायनाइड निकामी करणारी एन्झाइमेही आहेत. फवारलेले औषध पानावर पडते तसे फुलावर, मधमाशीवर, ओढ्यात आणि पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावरही पडते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले. झाडाच्या विषाने ते मेले नव्हते. दोन्ही रसायनेच, हे खरे. पण एक झाडाच्या ताब्यात राहते, दुसऱ्यावर कुणाचा ताबा राहत नाही. आणि पहिले आपण जितके कमी करतो तितके दुसरे जास्त लागते, हे ग्रंथीविना कपाशीने दाखवलेच.

हरभरा या बाबतीत मला सर्वांत समंजस पीक वाटते. पहाटे हरभऱ्यातून चालले की धोतराचा सोगा, साडीचा काठ ओला होतो आणि वाळल्यावर कडक होतो. पाने-घाट्यांवरच्या बारीक केसांच्या टोकाशी आम्लाचे थेंब असतात, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ खुंटते, असे पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेतील अभ्यासात दिसले. शेतकरी पहाटे पातळ फडके पिकावरून फिरवतात आणि पिळून आंब गोळा करतात, पोटदुखीवर देतात. विष पृष्ठभागावर, दाणा मोकळा, आणि माणसाला आंबही मिळते. घाटेअळी तरीही येतेच, पण जास्त आंब धरणाऱ्या वाणावर तिचा जोर कमी पडतो. पैदाशीच्या कार्यक्रमात उत्पादन, टपोरा दाणा आणि मर रोग यांच्या रांगेत अशा गोष्टींना जागा मिळते ती बहुधा शेवटी. ती वर यायला हवी.

ज्वारीबाबत हा निर्णय आता प्रत्यक्ष समोर येऊ लागला आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2012 मध्ये धुरिन अजिबात न बनवणारी ज्वारी शोधली. परके जनुक न घालता, उत्परिवर्तित रोपांच्या गर्दीतून वेचून. रोपावस्थेत तिची वाढ थोडी मंद, पुढे जवळजवळ नेहमीसारखी. हीच सगळीकडे पेरावी का? जिथे दुभत्या जनावरांसाठी पाण्यावर कडवळ घेतात, पुन्हा पुन्हा कापतात, कोवळाच चारा लागतो, तिथे जरूर. एक म्हैस दगावली तर छोट्या गोठ्याचे वर्ष बुडते, आणि पाणी-खत हाताशी असलेले पीक थोडा मंद आरंभ सोसू शकते. पण मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची मालदांडी पावसाळा सरल्यावर पेरली जाते. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती दाणा भरते, तिच्यावर बहुधा एकही फवारणी होत नाही, आणि कडबा पक्व झाल्यावरच कापला जातो. तिथे धुरिनचा जनावरांना धोका थोडा आणि पिकाला उपयोग मोठा. त्या ज्वारीतून ते काढायला निघालेल्याने आधी सांगावे, की नाकतोड्यांपासून राखण आणि ओल तुटल्यावरची घट यांचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा.